फणी, पांढरं फडकं आणि सतरा दिवस

(दृश्य : दुपारचं ऊन. उंबऱ्यात पाठमोरी बसलेली आठ वर्षांची मुलगी, मागे तिची आई, म्हणजे माझी वहिनी. आईच्या मांडीवर जुन्या धोतराचं पांढरं फडकं.)

फणी मुळाशी टेकते, टोकापर्यंत खाली येते आणि फडक्यावर पुसली जाते. तेलाच्या डागात तिळाएवढं काहीतरी वळवळतं. सहा पाय, पोटात रक्ताचा गडद ठिपका. वहिनी पुढची बट हातात घेते. त्या रविवारी तिनं तेवीस उवा मोजल्या.

तेही दोन वेळा औषध लावून झाल्यावर. मेडिकलमधून आणलेलं परमेथ्रिनचं लोशन, कागदावर लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं ठेवलेलं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर उवा तशाच तुरुतुरु पळतायत. "नीट लावलं नसशील," असं घरातल्या सगळ्यांनी तिला ऐकवलं. मीसुद्धा. तिनं नीटच लावलं होतं. ही फिल्म करायला घेतली ती त्यासाठीच.

(दृश्य : पायरेथ्रमची पांढरी फुलं.)

शेवंतीच्या कुळातल्या या फुलांत कीटकांना लोळवणारं एक द्रव्य असतं. परमेथ्रिन हा त्याचाच प्रयोगशाळेत घडवलेला भाऊबंद. उवेच्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा करणारी बारीक दारं असतात. परमेथ्रिन ती उघडी धरून ठेवतं. मज्जातंतू थांबायचंच विसरतात, ऊ लुळी पडते आणि मरते. पण काही उवांमध्ये या दाराची घडणच जराशी बदललेली असते, तिथे औषधाची पकड बसत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात, आणि पुढची सगळी पिल्लावळ यांचीच. २०१६ साली अमेरिकेत ४८ राज्यांतल्या उवा तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या जनुकांत हा बदल ९८ टक्क्यांच्या घरात सापडला. इस्राएल आणि फ्रान्समध्ये तर उवा औषधाला दाद देईनाशा झाल्याच्या नोंदी १९९०च्या दशकातल्या आहेत.

अर्थात, उवा राहिल्या म्हणजे औषध निकामी झालं असं दरवेळी नसतं. आधी कंडिशनर लावलं, दुसरा हात द्यायचा राहिला, शेजारच्या डोक्यावरून नव्या आल्या, असंही होतं. ओळखायची खूण साधी आहे. लावल्यानंतर आठ ते बारा तासांनी पाहा. उवा मंदावलेल्या दिसल्या तर औषध काम करतंय, थांबा. एकही मेलेली नाही आणि सगळ्या पहिल्यासारख्याच चपळ, तर तेच औषध तिसऱ्यांदा लावून उपयोग नाही.

(दृश्य : फळीवर रॉकेलची बाटली, सीताफळाच्या बिया, कापूर.)

आणि इथेच घाबरलेली माणसं या फळीकडे वळतात. वहिनीचाही हात बियांकडे गेला होता. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लावतात, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते. डोकं धुताना ओघळ डोळ्यांत जातोच. रॉकेलनं मुलं भाजली आहेत. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. शेतातल्या फवारणीचं औषध डोक्याला लावणं म्हणजे कातडीतून विष भरणं. यातलं काहीही नको, अगदी काहीही नको.

डॉक्टरांकडे दुसरे रस्ते आहेत. डायमेथिकोन हे सिलिकोनचं तेल मज्जातंतूंच्या वाटेलाच जात नाही. ते उवेला वरून लपेटून मारतं, त्यामुळे दाराची घडण बदलून उवेला पळवाट मिळत नाही. आयव्हरमेक्टिन लावायला मिळतं, गोळीही असते, पण ती १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत. वजन पाहून डॉक्टरच ठरवतील.

आमच्या घरी मात्र काम केलं ते फणीनं. केस ओले, भरपूर तेल किंवा कंडिशनर, आणि बट बट करून मुळापासून टोकापर्यंत फणी. तेलानं ऊ मरेलच असं नाही, पण तिची चाल मंदावते आणि फणी अडत नाही. लीख सात ते दहा दिवसांत फुटते आणि त्यातून निघालेली ऊ साधारण दहा दिवसांनी स्वतः लिखा घालू लागते. ती मोठी व्हायच्या आत तिला गाठायचं. म्हणून पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस. वहिनीनं कालनिर्णयवर पेन्सिलीनं गोल केले : रविवार, गुरुवार, सोमवार, शुक्रवार. सतराव्या दिवशी, मंगळवारी, शेवटची तपासणी.

(दृश्य : पाटावर आजी. पांढरा अंबाडा सुटतोय.)

गुरुवारी एक गोष्ट लक्षात आली. मुलीचं डोकं झालं, वहिनीचं झालं, धाकट्याचंही झालं. आजीचं डोकं कुणी पाहिलंच नव्हतं. नात रोज आजीच्या कुशीत, डोक्याला डोकं लावून झोपते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती चालत जाते, आणि तिला एवढी जवळीक पुरते. "मला नाहीत गं, मला खाज कुठेय?" आजी म्हणाली. खाज सुटायला कित्येक आठवडे लागू शकतात. फडक्यावर सात निघाल्या. आजी कितीतरी वेळ त्या फडक्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच परत देत होते होय पोरीला?"

वहिनीनं तिचे केस पुन्हा हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार, आई?"

त्या दिवसापासून घरातली सगळी डोकी एकाच दिवशी. उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात, फणी कढत पाण्यात दहा मिनिटं. घरभर फवारा मारायची गरज नव्हती. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. मुलीचा गोटा करायचा विषय निघाला होता, तो वहिनीनं पहिल्याच दिवशी मोडून काढला. त्या वेण्यांवर पोरीचा जीव आहे.

(दृश्य : मंगळवार. तेच फडकं, तेलाचे डाग आणि दोन तुटलेले केस.)

मुळापासून बोटभर दूर पांढऱ्या लिखा अजून दिसतात. त्या फुटून गेलेल्या टरफलांसारख्या रिकाम्या आहेत, केस वाढतील तशा खाली सरकतील. हलणारं काही नाही. वहिनी हात पुसते, फोन उचलते आणि मुलीच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईला लावते.

"आमच्याकडे उवा झाल्या होत्या हो. तुमच्याकडेही एकदा बघा. फणी हवी असेल तर माझ्याकडे आहे."