लग्नातलं पोलकं

नमस्कार मायबहिणींनो. घरात, पानटपरीवर, वावरातल्या मचाणावर रेडिओ ऐकत बसलेल्या भावांनो, तुम्हालाही नमस्कार.

आजचा विषय निघाला की आपल्याकडे बायका पदर सारखा करतात आणि पुरुष उठून अंगणात जातात. भावांनो, आज जाऊ नका. दिवस राहिल्यावर, बाळंतपणानंतर, लेकराला अंगावर पाजल्यावर बाईच्या स्तनांचा आकार बदलतो, त्याबद्दल मी बोलणार आहे. कुणी छाती म्हणतं, कुणी नुसतंच अंग म्हणतं, जुन्या बाया थान म्हणतात. मी यातला कुठलाही शब्द दबक्या आवाजात उच्चारणार नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी २९ वर्षं नर्स होते. कापसाचा पट्टा. दिवाळीनंतर गावात दिवसा माणूस दिसत नाही, सगळ्या बाया वेचणीला. अशाच एका हिवाळ्यात अंगणवाडीत लसीकरण होतं. बावीस-तेवीस वर्षांची एक पोरगी दुसऱ्या लेकराला साडेतीन महिन्यांच्या डोसासाठी घेऊन आली. काट्यावर ठेवलं तर लेकराचं वजन मागच्या महिन्यापेक्षा वाढलेलंच नव्हतं. मी विचारलं, अंगावर पाजतेस ना? ती काही बोलली नाही. सगळ्या बाया निघून गेल्या तरी ती दाराशी थांबून राहिली. मी दार लोटून घेतलं तेव्हा म्हणाली, "बाई, पाजणं सोडलं मी. पंधरा दिस झाले. पयल्या पोरीले दीड वर्स पाजलं तं सारं आंग उतरलं माह्यं. लग्नातलं पोलकं घालून पाह्यलं, तं पुढून झोळीवानी लोंबते. घरचे म्हंतात, बुढी दिसाले लागली तू."

लेकराला ती गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बाटलीनं पाजत होती. आणि एका दिवसात पाजणं तोडल्यामुळे छाती दगडासारखी झाली, म्हणून तिनं लुगड्याच्या पट्टीनं ती आवळून बांधली होती. पट्टी सोडली तेव्हा कातडीवर तिचे वळ उठलेले होते.

त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, स्तनात स्नायू नसतो. दंडात असतो, पोटरीत असतो, तसा स्तनात नसतो. तिथे असतात दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना जागेवर धरून ठेवणारे बारीक, चिवट पडदे नि धागे. या धाग्यांचं नीट वर्णन अॅस्टली कूपर नावाच्या इंग्रज सर्जननं १८४० साली केलं, म्हणून डॉक्टर लोक त्यांना आजही कूपरचेच धागे म्हणतात. त्या धाग्यांवर आणि वरच्या कातडीवर आकार टिकून असतो. दूध तयार करणारा भाग समजायचा असेल तर ज्वारीचं कणीस डोळ्यांपुढे आणा. मधून दांडा, त्याला फाटे, फाट्यांना दाणे. स्तनात अशी बरीच कणसं असतात, त्यांचे दांडे म्हणजे दुधाच्या नळ्या, आणि त्या बोंडाशी येऊन उघडतात. दिवस राहण्याआधी या कणसात फाटे असतात, दाणे फारसे भरलेले नसतात.

पाळी चुकली की काही आठवड्यांतच हे कणीस दाण्यावर यायला लागतं. कित्येक बायांना पोट दिसायच्या आधी पोलकंच सांगतं की दिवस राहिले. छाती दुखते, जड होते, पोलक्याचा हूक लागत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं नळ्यांना फाटे फोडतात, दाणे भरतात. रक्तपुरवठा वाढतो, म्हणून गोऱ्या अंगाच्या बाईला हिरव्या-निळ्या शिरा दिसायला लागतात. बोंडाभोवतीचं वर्तुळ मोठं आणि काळं होतं, त्यावर बारीक पुटकुळ्यांसारखे दाणे उठतात. ते फोडू नका, घासू नका. त्यांतून निघणारा तेलकट ओलावा बोंडाला मऊ ठेवतो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आत चीक तयार व्हायला लागतो, काहींना पोलक्यावर डागही पडतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काही मातांच्या स्तनांचं माप गर्भार राहण्याआधीपासून घेतलं. बाळंतपणापर्यंत एकेक स्तन सरासरी १४५ मिलिलीटरनं वाढला होता, बाळ महिन्याचं होईतो ही वाढ २११ मिलिलीटरवर गेली. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ बाळानं तोंड लावायच्या आधीच झालेली होती. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कातडी ताणली जाते, धागे ताणले जातात, ते पोटात बाळ असताना. पाजलं नाही म्हणून ते ताणणं टळत नाही.

हे मला पुस्तकाआधी एका बाईनं शिकवलं. तिचं लेकरू जन्मतःच गेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून निजलेली, आणि पोलकं दुधानं भिजलेलं. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दोन-चार दिवसांत दूध भरून येतं. लेकरू कुशीत आहे की नाही, ते शरीर विचारत नाही. त्या माउलीनं एक दिवसही पाजलं नाही. तिच्याही छातीचा आकार बदलला.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या एका प्लास्टिक सर्जनकडे छाती उचलून घ्यायला येणाऱ्या बाया हेच सांगायच्या, की पाजल्यानं असं झालं. त्यानं त्यांचा नीट अभ्यास केला आणि २००८ साली तो छापून आला. छाती किती उतरली याचा संबंध निघाला तो वयाशी, वजनाशी, किती वेळा दिवस राहिले त्याच्याशी, आधीच्या आकाराशी आणि सिगारेट ओढण्याशी. पाजण्याशी निघाला नाही. आपल्या बाया सिगारेट ओढत नाहीत, पण खर्रा किती जणी खातात ते मला ठाऊक आहे. खर्‍यातल्या तंबाखूचं निकोटिन दुधात उतरतं आणि लेकराच्या पोटात जातं. पाजती बाई असाल तर ती पुडी आजच चुलीत टाका.

मग पाजणं थांबल्यावर छाती रिकामी का दिसते? कणीस झोडपलं, दाणे गेले. दूध आटलं की ग्रंथी आकसतात. त्यांनी दिवसांत चरबीची जागा घेतलेली असते, ती चरबी हळूहळू परत भरते. कुणाची सहा महिन्यांत, कुणाची जास्त दिवसांत, कुणाची पूर्वीइतकी भरतच नाही. वरची कातडी मात्र ताणलेलीच राहते, म्हणून पिशवी मोठी आणि आत ऐवज कमी असं दिसतं. सोडल्या सोडल्या पाहिलं की धस्स होतं. वर्षभर थांबून पाहा, बराच फरक पडलेला असतो. त्याच ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत दिसलं, की पंधराव्या महिन्यापर्यंत स्तन गर्भारपणाआधीच्या मापावर परत आले होते, आणि त्या आया तेव्हाही पाजत होत्या. माप परत आलं, दूध चालूच. तेव्हा छाती लहान झाली म्हणजे दूध संपलं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुधाचा संबंध दाण्यांशी आहे, चरबीशी नाही. लहान छातीच्या बाईनं जुळी पोसलेली मी पाहिली आहेत.

एक बाजू मोठी, एक लहान, हेही फार जणी घाबरून विचारतात. बहुतेक बायांच्या दोन्ही बाजू मुळातच सारख्या नसतात. पाजताना लेकराला एक बाजू आवडते, ती जास्त भरते. दुसऱ्या बाजूनं आधी पाजत जा, फरक थोडा कमी होतो, आणि सोडल्यावर बराच निघून जातो.

तेलाची मालीश, डाळिंबाच्या सालीचा लेप, बाजारात मिळणाऱ्या मलमांच्या डब्या, यांनी उतरलेली छाती वर येत नाही. ताणलेला धागा चोळून आखूड होत नाही. व्यायामानं छातीमागचा स्नायू घट्ट होतो, त्यानं अंग थोडं ताठ दिसतं, तेवढाच उपयोग. डबीचे पैसे स्वतःच्या खाण्यावर घाला. पाजत्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीचं वरण, वर जवसाची चटणी. सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खाऊन हे भरून निघत नाही. आणि पोलकं सैल शिवा. शिंप्याला सांगा, दोन्ही बाजूंनी चांगली माया सोड. घट्ट पोलक्यानं, आवळून बांधल्यानं दुधाची नळी तुंबते, गाठ बसते, ताप भरतो. असा ताप आला तर पाजणं बंद करू नका, त्याच बाजूनं पाजत राहा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. सोडायचंच असेल तेव्हा एकेक वेळ कमी करत सोडा.

आता भावांनो, तुमच्याशी बोलते. गाय व्यायला आली की कास कधी भरली, कोणत्या आचळाला दूध कमी उतरतं, सगळं तुमच्या डोळ्यांत असतं. तिच्या चिकाचा खरवस घरात सगळे आवडीनं खातात. आणि घरातल्या ओल्या बाळंतिणीचा चीक जड असतो, वाईट असतो म्हणून पिळून फेकून दिलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. तो पिवळा, घट्ट चीक म्हणजे लेकराची पहिली लस. जन्मल्यावर तासाभरात तो पोटात गेला पाहिजे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकानं. बाई धास्तावलेली असली, टोमणा ऐकून आलेली असली, की ते अडतं. दूध आत असूनही उतरत नाही. "बुढी दिसाले लागली" हे तीन शब्द लेकराच्या तोंडचं दूध तोडू शकतात. तुमच्या लेकरासाठी जे अंग बदललं, त्याच्याबद्दल असं बोलू नका. आणि बोलून गेला असाल तर आज संध्याकाळी तिची माफी मागा.

ही लाज कुठवर नेते तेही सांगते. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायांची तपासणी केली होती. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या बाया होत्या जेमतेम ८. ते रोग गर्भाशयाच्या बाजूचे होते, पण गप्प बसायची सवय तीच. माझ्याकडे साठीची एक आजी आली होती. बोंड आत ओढलं गेलेलं, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. मी विचारलं, केव्हापासून? म्हणाली, "झालं असंन वर्स. मले वाटलं सात लेकरं पाजली, तं उतरलंच असंन." तिला मी नागपूरला पाठवलं, पण तिनं एक वर्ष आधी दाखवायला हवं होतं.

म्हणून हा फरक पक्का ध्यानात ठेवा. बाळंतपणानं, वयानं होणारा बदल दोन्ही बाजूंना, हळूहळू होतो. एकाच बाजूला गाठ आली आणि दोन आठवड्यांत विरली नाही, बोंड नव्यानं आत गेलं, त्यातून रक्त आलं, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गाठ लागली, तर ते उतरणं नव्हे. पाजत असाल, दुधाची गाठ वाटत असेल, तरीही दाखवा. तिशीनंतरच्या बाईची छाती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आणि पाजल्यानं कॅन्सर होतो असं कुणी म्हटलं तर २००२ साली छापून आलेला, ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा हिशेब त्याला सांगा. आयुष्यात पाजण्याचे जितके बारा महिने भरतात, तितक्या वेळा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो.

त्या पोरीचं सांगायचं राहिलं. मी तिला म्हटलं, पंधरा दिवस म्हणजे काही फार नाही. वरचं दूध लगेच बंद करू नकोस, नाहीतर लेकरू उपाशी राहील; ते दूध पाणी न घालता उकळून वाटी-चमच्यानं दे, आणि त्याआधी दर वेळी लेकराला छातीशी धर, दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. आशाताई रोज तिच्या घरी चक्कर मारायची. पहिले चार दिवस काहीच नाही, लेकरू चिडायचं, ती रडायची. पाचव्या दिवशी आशाताईनं निरोप आणला, की थेंब दिसले. तिसऱ्या आठवड्यात वाटीची गरज उरली नाही. पुढच्या महिन्यात काट्यावर लेकराचं वजन सातशे ग्रॅमनं वाढलेलं होतं.

गोवराच्या लसीला, नवव्या महिन्यात, ती नवऱ्याला बरोबर घेऊन आली. तो बाहेर कडुनिंबाखाली उभा. तिच्या अंगात लग्नातलंच पोलकं होतं, आतली माया उसवून काखेत दोन बोटं वाढवलेलं. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण बाहेरून दिसत होती. मी तिकडे पाहते आहे हे तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "हातानंच शिवलं, बाई." आणि लेकराला लस टोचल्यावर ते रडायला लागलं तशी ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि त्याला अंगावर घेतलं.

तुमच्यापैकी कुणाला काही विचारायचं असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईसाठी थोडं मागे थांबा. तिला दार लोटायला सांगा. नमस्कार.