दोनदा चमकणारा एलईडी, ५५५ आणि ४०१७ वापरून

नमस्कार मंडळी! हा एलईडी नीट बघा... टक-टक, मग गप्प. परत टक-टक, मग गप्प. नुसत्या एकसारख्या ब्लिंकपेक्षा ही डबल ब्लिंक लांबून पटकन नजरेत भरते, आणि यात प्रोग्राम वगैरे काही नाही, फक्त दोन आयसी, म्हणजे दोन छोट्या चिप.

पहिला ५५५ टायमर. १९७१ मध्ये हान्स कॅमेन्झिंड यांनी डिझाइन केलेला, आणि मला आजही तितकाच आवडतो. कपॅसिटर सप्लायच्या दोन तृतीयांश व्होल्टेजपर्यंत चार्ज झाला की पिन ७ मधून डिस्चार्ज होतो, एक तृतीयांशवर आला की परत चार्ज, असं चालूच राहतं. दोन्ही लेव्हल सप्लायच्या प्रमाणात आहेत ना, म्हणून बॅटरी थोडी उतरली तरी स्पीड फारसा बदलत नाही. मी १० के आणि ६८ के रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतलाय, म्हणजे साधारण १० हर्ट्झ, सेकंदाला दहा पल्स.

या चार्ज-डिस्चार्जबरोबर ५५५ ची पिन ३ हाय-लो होत राहते (हाय म्हणजे व्होल्टेज आहे, लो म्हणजे नाही). हा पल्स तिथून थेट दुसऱ्या आयसीच्या, म्हणजे पल्स मोजणाऱ्या ४०१७ काउंटरच्या, पिन १४ ला. ४०१७ ला दहा आउटपुट, प्रत्येक पल्सला एकच हाय, बाकी नऊ लो. आपल्याला पहिलं आणि तिसरं हवंय, म्हणजे ४०१७ ची पिन ३ आणि पिन ४.

आता इथे लक्ष द्या हं, या दोन पिना सरळ एकत्र जोडायच्या नाहीत, कारण एक हाय असते तेव्हा दुसरी लो असते आणि दोघी एकमेकींशी भांडत बसतात. दोन्हीकडून एकेक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) काढा, पट्टीची बाजू एलईडीकडे, पुढे १ के रेझिस्टर, मग एलईडी, मग ग्राउंड. झाली डबल ब्लिंक, उरलेल्या सात पल्सना अंधार.

४०१७ ची पिन १३ आणि १५ (ही रीसेट) ग्राउंडला लावायला विसरू नका! ही बघा, १५ ची वायर काढली आणि नुसतं बोट जवळ नेलं तरी एलईडी कसाही चमकतोय. आयसी खराब नाहीये, पिन मोकळी राहिलीये.

आणि गॅप कमी हवा असेल तर १५ ग्राउंडपासून पूर्ण सोडवा, मग ती पिन १ ला, म्हणजे सहाव्या आउटपुटला जोडा. पाच पल्स झाले की सहाव्याला काउंटर स्वतःच रीसेट. हे बघा... टक-टक, टक-टक.