काठावरची कॉफी

[काळा पडदा. काठाला लागणाऱ्या पाण्याचा आवाज. हळूहळू उजेड.]

डिसेंबर. सकाळचे सात. भंडारदऱ्याच्या जलाशयावर धुकं इतकं दाट बसलंय की पाणी कुठं संपतं आणि पलीकडचा काठ कुठं सुरू होतो ते कळत नाही. धुक्याच्या वर मात्र सगळं लख्ख आहे. तो समोर रतनगड. त्याच्या अंगाशी उभा असलेला सुळका म्हणजे खुटा. पहिलं ऊन त्याला लागतं. खाली रतनवाडीच्या काठावर, जिथं आपले तंबू आहेत, तिथं ते पोचायला अजून वेळ आहे.

पायाखाली भाताचं खाचर. कापणी होऊन गेलीय, धसकटं तेवढी उरलीत. चालताना ती बुटांखाली करकरतात. हे खाचर शेजारच्या घरातल्या मावशींचं. त्यांना विचारून, जागेचे पैसे देऊन आपण इथं उतरलोय.

ऊन येईपर्यंत कॉफी करायची आहे.

[जवळून: स्टोव्हची निळी ज्योत. वाऱ्यानं आडवी पडते.]

डोंगरात कॉफी करताना पहिली गाठ पडते ती वाऱ्याशी. ज्योत बघा. अशी आडवी पडली की पातेलं तापतच नाही, सगळी धग वाऱ्यावर जाते आणि गॅस फुकट. म्हणून स्टोव्हच्या एका अंगाला सॅक, दुसऱ्या अंगाला दगडांचा आडोसा. चारही बाजूंनी मात्र कोंडायचं नाही, कारण खाली गॅसचा डबा आहे आणि तो तापता कामा नये. आणि कितीही कुडकुडायला झालं तरी तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

हा डबा रात्रभर पांघरुणात, पायाशी ठेवला होता. बुटेन थंडीत मंदावतो. शून्य अंशाच्या जवळ तर त्याचा वायूच होत नाही. रतनवाडीत थंडी तेवढी उतरत नाही, पण जळताना डबा आपण होऊन गार होत जातो, आणि गार डब्यावर पाण्याला उकळी यायला उगाच जास्त वेळ लागतो.

[पातेल्यात पहिले बुडबुडे. वाफ धुक्यात मिसळते.]

इथं आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहोत. पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, ९७.५ च्या आसपासच उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते ९५ च्याही थोडं आधीच उकळेल. साधा हिशोब असा की दर तीनशे मीटरला एक अंश कमी. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे घरी उकळलेलं पाणी थोडं निवू द्यावं लागतं, इथं उकळी आली की अर्ध्या मिनिटात कामाला घेता येतं. डोंगर कॉफीच्या बाजूचा आहे.

[हात फिल्टर उघडतात. छिद्रांची तबकडी उजेडाला धरलेली.]

हा स्टीलचा फिल्टर. मुंबईच्या माटुंग्यात, पुण्याच्या रास्ता पेठेत, दक्षिणेतून येऊन आपल्याकडे रुजलेल्या कितीतरी घरांत तो रोज सकाळी भरला जातो. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं. त्यात तीन चमचे पूड, पूड सारखी करून त्यावर ही दांड्याची चकती हलकेच टेकवायची, आणि वरून गरम पाणी. आधी थोडंसं, पूड भिजेल एवढंच. मग बाकीचं, गोल फिरवत.

आता त्याला हात लावायचा नाही.

पंधरा-वीस मिनिटं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंबाथेंबानं खाली उतरतं. स्टोव्ह लागत नाही, कागद लागत नाही, फुटायला काच नाही. सॅकमध्ये कसाही कोंबा. एकच वैरी, थंडी. उघड्यावर ठेवला तर डिकॉक्शन उतरेपर्यंत गारढोण होतं. त्यावर उपाय हा.

[डोक्यावरची लोकरी कानटोपी काढून फिल्टरवर चढवली जाते.]

या पुडीत वीस टक्के चिकोरी आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यामुळे डिकॉक्शन दाट उतरतं आणि दुधात हरवत नाही. शुद्ध कॉफीवाल्यांना ती चालत नाही. आमच्या मते दुधाच्या कॉफीत ती हवी.

[हातचक्की. दाणे आत पडतात. दळण्याचा आवाज. निवेदन थोडं थांबतं.]

बाकी सगळ्या रीतींसाठी दाणे इथंच दळायचे. अख्खा भाजलेला दाणा वास धरून ठेवतो. दळला की काही मिनिटांत उडायला लागतो. हा वास पडद्यातून तुमच्यापर्यंत पोचवता आला असता तर पुढचं काही बोलायची गरजच उरली नसती.

किती जाड, किती बारीक, याचं माप आपल्या स्वयंपाकघरात आहे. पातेल्यातल्या कॉफीला जाडा रवा. फडक्यातून गाळायची असेल तर बारीक रवा. मोका पॉटला, म्हणजे वाफेच्या दाबावर कॉफी करणाऱ्या भांड्याला, त्याहून बारीक, टेबलावरच्या मिठासारखी. मैद्यासारखी पूड मात्र इथं कशालाच नको, ती गाळण तुंबवते आणि कडू होते.

चक्की फिरतेय तोवर या दाण्याबद्दल.

हा दाणा चिक्कमगळूरचा. बाबा बुदन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी कथा आहे. रुजणारं बी अरबस्तानाबाहेर जाऊ नये याची तिथले व्यापारी काळजी घेत, म्हणून ती लपवून आणावी लागली, असंही सांगतात. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. आज देशातली निम्म्याहून जास्त कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

आणि तो डोंगर कुठला? हाच. ही समोर दिसणारी रांग रतनगडावर थांबत नाही. ती महाबळेश्वरवरून, आंबोलीवरून खाली जाते, कर्नाटकात शिरते, तिथंही तिला सह्याद्रीच म्हणतात. चिक्कमगळूर तिच्यात आहे, कोडगू तिच्यात आहे. तिथं कॉफी उघड्या उन्हात उभी नसते. फणसाच्या, सिल्व्हर ओकच्या सावलीत वाढते, आणि सावली देणाऱ्या त्याच खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला एखादा पाऊस पडला की आठवड्या-दीड आठवड्यात सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, मोगऱ्याच्या जातीचा वास सुटतो. आत्ता, या डिसेंबरात, आपण इथं दाणे दळतोय आणि तिथं अरेबिकाची लाल फळं तोडली जातायत.

महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला, सातपुड्याच्या कुशीत, कॉफीची झाडं आहेत. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

म्हणून आम्हाला मनापासून वाटतं की सह्याद्रीत मुक्कामाला आलेल्या माणसानं सह्याद्रीचीच कॉफी प्यावी, आणि ती आपल्या हातानं करावी.

[पातेलं. पूड पडते, वर साय धरल्यासारखा थर.]

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी रीत ही. पातेलं आणि चमचा, बास. एक लिटर पाणी, साठ ग्रॅम पूड. उकळी आली की पातेलं खाली उतरवायचं, अर्धं मिनिट थांबायचं, मग पूड घालायची. झाकण. चार मिनिटं.

झाकण काढल्यावर वर हा जाड थर दिसतो. भाजलेल्या दाण्यात अडकलेला वायू पुडीला वर उचलून धरतो. चमच्यानं थर मोडा. फेस येतो, वायू सुटतो, चोथा जड होऊन खाली जायला लागतो. आता दोन चमचे गार पाणी वरून शिंपडायचं, एखाद मिनिट धीर धरायचा, आणि मग न हलवता, एका धारेत ओतायचं. तळाचे शेवटचे दोन घोट पातेल्यातच राहू द्यायचे.

फिनलंडमध्ये जंगलात जाणारे लोक अशीच करतात. तिथं तिला त्या भांड्याचंच नाव आहे, नोकिपन्नू, म्हणजे काजळी धरलेली किटली.

[मोका पॉट. धीम्या गतीत. झाकण उघडं.]

आणि हा मोका पॉट. अल्फोन्सो बियालेत्तींचं नाव लागलेलं हे इटालियन भांडं १९३३ सालचं, आणि तेव्हापासूनचा त्याचा आठ पैलूंचा घाट आजही ओळखू येतो. खालच्या भांड्यात पाणी, बाजूच्या वाल्व्हच्या खालीच थांबायचं. मधल्या गाळणीत पूड, काठोकाठ, पण दाबायची नाही. वर रिकामं भांडं, घट्ट पिळून. ज्योत बारीक. इतकी बारीक की बुडाच्या बाहेर जिभा दिसता कामा नयेत, नाहीतर हँडल वितळतं.

खाली वाफ आणि तापलेली हवा कोंडते, पाण्याला दुसरी वाट नसते, ते पुडीतून वर चढतं.

बघत राहा.

[निवेदन थांबतं. मधल्या नळीतून पहिला काळा थेंब, मग मधाच्या रंगाची धार. वीस सेकंद फक्त आवाज.]

धार फिकी पडली, गुरगुरायला लागलं की लगेच उतरवायचं. पुढं जे येतं ते करपट. बूड ओल्या फडक्यावर टेकवलं की आतली प्रक्रिया तिथंच थांबते.

या दोन भांड्यांच्या मध्ये रबराची एक रिंग असते. मागच्या वर्षी ती धुऊन घरी ओट्यावर राहिली, आणि कुलंग गडाच्या पायथ्याशी बसून पेचांतून वाफ जाताना बघण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. तेव्हापासून जास्तीची रिंग सॅकच्या वरच्या कप्प्यात असते. तुम्हीही ठेवा.

[पटापट दृश्यं: एरोप्रेस, फडकं, बाटली.]

एरोप्रेस, अमेरिकेत २००५ साली बाजारात आलेली. प्लास्टिकची, मोठ्या पिचकारीसारखी, हलकी, दीड-दोन मिनिटांत एक कप. दाबलं की चोथ्याची वडी बाहेर पडते, धुणं जवळजवळ नाहीच. एकट्या माणसाला उत्तम.

मलमलचं फडकं, चहा गाळायचं असतं ना, तेच. मगावर बांधायचं, पूड घालायची, बारीक धारेनं पाणी. जर्मनीत मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून कागदी फिल्टर काढला, त्याचं तत्त्व हेच. आपल्याकडे वस्त्रगाळ हा शब्द आधीपासून आहे.

आणि ही बाटली. काल रात्री आठला एक भाग जाडी पूड, आठ भाग गार पाणी, झाकण लावून ठेवली. आत्ता फडक्यातून गाळली की कॉफी तयार. काडीसुद्धा ओढलेली नाही. फेब्रुवारीनंतर, डोंगरावरचं गवत वाळून कोरडंठाक झाल्यावर, आम्ही फक्त हीच करतो.

[काठावर दगडांची काळी वर्तुळं. अर्धवट जळलेली लाकडं. चकाकणारी पाकिटं.]

काल संध्याकाळी या काठावरून आम्ही झटपट कॉफीच्या रिकाम्या पाकिटांची एक पिशवी भरली. लाकडं जवळच्याच झाडांची होती.

[मावशी खाचराच्या बांधावरून येताना. हातात दुधाचा तांब्या.]

या त्या मावशी. दूध घेऊन आल्यात, सकाळच्या धारेचं. फिल्टरवरची टोपी काढली. डिकॉक्शन अजून कढत आहे. एका पातेल्यातून दुसऱ्यात, उंचावरून दोनदा, फेस येईपर्यंत.

पण मावशींनी आधी पातेल्यातली कोरी उचलली.

"मावशी, ती कडू लागेल, ही दुधाची घ्या."

"बगू तरी."

[मावशी घोट घेतात. चेहरा.]

"लई कडू हाय रं ही. थांब, गूळ आनते."

[घराकडे जाणारी पाठमोरी आकृती. परत येताना मुठीत गुळाचा खडा. मगात पडतो. बोटानं ढवळतात.]

या घरात रोज गुळाचा कोरा चहा होतो. मावशींनी त्याच हिशोबानं गूळ टाकला. त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, पण याच रांगेत खाली दक्षिणेला, कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडात आणि कोडगूत, कॉफीच्या मळ्यांतली माणसं अगदी अशीच पितात. कोरी, गूळ घालून. तिकडं तिला बेल्लद कापी म्हणतात. बेल्ल म्हणजे गूळ.

आम्ही सगळ्यांनी मग आपापले मग पुढं केले.

[गुळाचा खडा हातोहात. मगांमधून वाफ. कुणी बोलत नाही.]

[चोथा डब्यात भरला जातो.]

चोथा या डब्यात. फिल्टरचा, मोकाचा, पातेल्याच्या तळाचा, सगळा. हे खाचर मावशींचं आहे आणि पुढचं पाणी खाली प्रवरेकाठच्या गावांचं. चोथा घरी जाईल, कुंड्यांत. गॅसचा रिकामा डबाही परत सॅकमध्ये.

[धुकं विरतंय. ऊन पाण्यावरून सरकत काठाला लागतं, धसकटांवर, तंबूंवर.]

आठ वाजत आलेत. ऊन पोचलं.

[कानटोपी उचलून झटकली जाते, पुन्हा डोक्यावर.]

टोपी आतून अजून कोमट आहे. तिला कॉफीचा वास लागलाय.