पहिली सिरिंज कुणाची?

(ठाण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटला मी कधी दिसत नाही, रिपोर्टखालची माझी सही दिसते. माइकची सवय नाही. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा.

मोठ्या माणसांच्या ल्युकेमियाबद्दल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरबद्दल बोलते. निदान होतं तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात, वजनाने किलोभर. केमो होते, बोनमॅरो म्हणजे हाडातली मज्जा तपासतात, सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी 5 टक्क्यांच्या आत आलेल्या दिसतात, रक्ताचे आकडे सावरतात. डॉक्टर म्हणतात ‘रेमिशन’, घरी पेढे येतात. यावेतच. पण 99 टक्के पेशी मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघून ओळखू येत नाहीत. या शिलकीचा हिशेब म्हणजे एमआरडी, ‘मेझरेबल रेसिड्युअल डिसीज’. शिल्लक सापडली तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह.

तो मांडायचा कसा? आपल्या खाडीतले फ्लेमिंगो आठवा. लांबून सगळा थवा गुलाबी. दुर्बीण लावली की कळतं, चोच गडद असलेला लहान रोहित, गुलाबी चोचीला फक्त टोकाशी काळं असलेला मोठा. फ्लो सायटोमेट्रीत आम्ही चोचीच बघतो म्हणा ना. पेशींवरच्या प्रथिनांना चमकणारे रंग चिकटवायचे आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. दहा हजारांत एक लपलेली पेशी अशी सापडते. मात्र एकटीदुकटी दिसली तर तो कचराही असू शकतो. वीस-पन्नास जणींचा घोळका एका जागी दिसावा लागतो, म्हणून काही लाख पेशी मोजायच्या. त्यात केमोनंतर मज्जा पुन्हा उगवताना निरोगी बाळपेशीही ब्लास्टसारख्याच दिसतात. आमची खरी परीक्षा तिथे. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे हे काम चालतं. पीसीआर ही जनुकांवरून शोधणारी तपासणी लाखात एकपर्यंत पोचते, जनुकीय सीक्वेन्सिंग दहा लाखांत एकपर्यंत.

आता भाकिताकडे. लिम्फोब्लास्टिक या प्रकारच्या ल्युकेमियावरचे अनेक अभ्यास 2017 साली एकत्र करून पाहिले गेले. एमआरडी निगेटिव्ह आलेल्या प्रौढांपैकी 64 टक्के दहा वर्षांनीही आजार न उलटता जगत होते, पॉझिटिव्हपैकी 21. मायलॉइड या दुसऱ्या प्रकारात, 2020 च्या तशाच मांडणीत, पाच वर्षं जगलेले 68 आणि 34 टक्के. फरक मोठा आहे. पण 64 च्या पलीकडचे 36 विसरू नका, आणि ते 21 ही. आकडा गटाचं सांगतो, तुमच्या काकांचं नाही.

2018 मध्ये अमेरिकेत ब्लिनाटुमोमॅब या औषधाला लिम्फोब्लास्टिक प्रकारातल्या खास अशा शिलकी आजारासाठी मंजुरी मिळाली. मग 2024 साली एका चाचणीचे निकाल छापून आले. त्यातले पेशंट एमआरडी निगेटिव्ह, तरीही केमोसोबत हे औषध दिलेल्यांपैकी तीन वर्षांनी 85 टक्के हयात होते, नुसत्या केमोवाल्यांपैकी 68. म्हणजे निगेटिव्हमध्येही आमच्या जाळ्यातून निसटलेलं काहीतरी होतंच.

जाळ्याचं सोडा, नमुनाच पातळ असला तर? हा माझा जुना वाद आहे. कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढतात. पहिले दोन-तीन मिलिलिटर दाट. पुढे ओढाल तितकं रक्त मिसळतं. बऱ्याच ठिकाणी पहिली सिरिंज स्लाइडला, दुसरी जनुकीय तपासणीला आणि उरलंसुरलं एमआरडीला. सगळ्यात बारीक शोध, आणि त्याला सगळ्यात पांचट नमुना!

एकदा अशीच ट्यूब आली. कॅन्सरपेशी एकही नाही. पण मज्जेत हमखास भेटणाऱ्या मास्ट पेशी, लाल पेशींची पिल्लं, तीही जवळपास गायब. मी ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘नमुना पातळ, पुन्हा पाठवा’ लिहिलं. तिकडचे डॉक्टर चिडले. पेशंटच्या भावाचा फोन आला, “मॅडम, एकच सांगा, निगेटिव्ह आहे ना?” सुई टोचणं म्हणजे काय, ते त्याने पहिल्या वेळी रात्रभर बघितलं होतं. मी म्हटलं, “दादा, मला माहीत नाही, आणि या ट्यूबवरून कुणालाच कळणार नाही.” आठवड्याने पहिल्या सिरिंजचा नमुना आला. पॉझिटिव्ह होता. उपचार बदलले.

त्यानंतर आमच्या फॉर्मवर मी एक चौकट छापून घेतली, ‘कितवी सिरिंज?’ अजून निम्मे फॉर्म ती कोरी ठेवून येतात. मग आम्ही फोन करतो.