आधी संवाद ऐकू येऊ द्या

हॉल दहा बाय बारा किंवा बारा बाय पंधरा फुटांचा, भिंतीवर ४३ ते ५५ इंची टीव्ही, खाली टाइल्स, खर्चाची तयारी १५ ते २० हजारांची आणि एप्रिल लागला की खिडकीत दिवसभर घरघरणारा कूलर. नागपुरातल्या बऱ्याच घरांचं चित्र असं आहे, आणि त्याच घरासाठी स्वस्त होम थिएटर, म्हणजे सराउंड स्पीकरांचा संच, कसा निवडायचा आणि जोडायचा, हे मी आज सांगणार आहे.

सुरुवात कूलरपासूनच करू. पंख्याची घरघर खालच्या पट्टीतली असते. असा जाड, सलग आवाज बारीक आवाजांना झाकून टाकतो. स, श, त, क ही व्यंजनं आधी बुडतात आणि वाक्य कळेनासं होतं. मग आपण रिमोट उचलून आवाज वाढवतो. संवाद कळतात, पण पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू झाली की कान फाटतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांत संवाद, संगीत, स्फोट सगळं एकत्र कालवलेलं असतं, त्यातला फक्त संवाद वर काढता येत नाही. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर असलेल्या संचात, बहुतांश संवाद मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरला वेगळे मिळतात, आणि तेवढाच एक स्पीकर वाढवता येतो. म्हणून माझ्या लेखी स्वस्त सराउंडचा खरा फायदा पाठीमागून जाणारं हेलिकॉप्टर नाही, समोरचं स्पष्ट बोलणं आहे.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेलात की खोक्यावरचं ‘५.१’ वाचून थांबू नका, यंत्र फिरवून पाठ बघा. तिथे फक्त ऑक्स, ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असेल, तर त्याला टीव्हीकडून आवाजाचे दोनच चॅनल, डावा आणि उजवा, मिळणार आणि तेच पाचही स्पीकरांत वाटले जाणार. मागे सहा आरसीए भोकं (गोल पिनेच्या ऑडिओ तारांची) असली तरी उपयोग नाही, कारण आजच्या टीव्हीला तशी सहा तारांची जोडणी नसते. तुम्हाला हवं ते असं: एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून सिस्टिमकडे आणणारी सोय) किंवा ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारं) इनपुट, सोबत ५.१ चा आवाज उलगडणारा डॉल्बी डिजिटल डीकोडर, आणि सेंटरचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय. यातलं तिसरं दुकानदाराला रिमोटवर करून दाखवायला सांगाच. वॉटचा आकडा आरएमएसमध्येच, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, विचारा. खोक्यावर छापलेल्या पीएमपीओला ठरलेलं मोजमापच नाही, त्यामुळे त्या हजारोंच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या किंचित मागे आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर लावा. तेही जमत नसेल तर सरळ ३.१, म्हणजे समोरचे तीन स्पीकर आणि सबवूफर, घ्या. वायरलेस मागचे स्पीकर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांनाही विजेचा पॉइंट लागतो.

आता जोडणी. सगळे प्लग काढून ठेवा. स्पीकरची वायर १८ गेजची पुरते. टोकाचं आवरण साधारण एक सेंटिमीटर सोला, तारा पिळून घट्ट करा, क्लिप दाबून आत सरकवा. एकही केसासारखी तार शेजारच्या क्लिपला लागता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर बंद पडतो. लाल लालला, काळी काळीला. समोरच्या एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर आवाज येतो, पण पोकळ वाटतो आणि बेस पातळ होतो.

टीव्हीवर सहसा एकाच एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिलेलं असतं. केबल तिथेच लावा, आणि दुसरं टोक सिस्टिमच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टला. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरची यंत्रं एकमेकांना सूचना देण्याची सोय, सुरू करा. याला सॅमसंग एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बहुतेक टीव्हींत हे बंद असेल तर एआरसी चालत नाही.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे चांगली सिस्टिम घेऊनही पैसे वाया जातात. टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट बऱ्याचदा ‘पीसीएम’वर, म्हणजे टीव्हीनेच उलगडलेल्या साध्या डिजिटल आवाजावर, असतं. साध्या एआरसीतून आणि ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनलचं जातं. ते बदलून ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ करा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही हीच सेटिंग वेगळी असते, तीही बदला. मग ५.१ असलेला चित्रपट लावून सिस्टिमच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव येतं का ते पाहा. पेनड्राइव्हवरच्या एखाद्या फाइलला चित्र आहे पण आवाजच नाही, असं झालं तर तो ट्रॅक बहुधा डीटीएसचा, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या ऑडिओ प्रकाराचा, असतो. काही टीव्ही तो वाचत नाहीत.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपी असते, ती काढल्याशिवाय प्लग बसत नाही. जोर लावू नका, कोपरे जुळवून हलकेच दाबा, टक् असा आवाज येईल. केबल काटकोनात मुडपू नका. स्पीकरमधून सतत हम्म ऐकू येत असेल, तर डिश किंवा केबलची कोॲक्सियल वायर काढून बघा. हम्म थांबला तर अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगमधून तारांवाटे वीज फिरते आहे. ऑप्टिकलमधून वीज वाहत नसल्याने टीव्ही आणि सिस्टिममधल्या जोडणीपुरता तो तुटतो. ब्लूटूथ गाण्यांसाठी ठेवा. चित्रपटात ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

सबवूफर कोपऱ्यात ढकलू नका, बेस फुगतो आणि संवादावर चढतो. भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. कूलरच्या झोताखाली तर मुळीच नको, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पेटी ओल धरून फुगते.

शेवटची जुळणी कूलर चालू ठेवून करा. बातम्या लावा, सेंटर एकेक पायरी चढवा, मधल्या आवाजात प्रत्येक शब्द कळला की थांबा. दोन ते चार डेसिबल बहुधा पुरतात. रात्री मोठे आवाज दाबणारा नाइट मोडही लावा. पावसाळ्यात कूलर बंद झाला की सेंटर पुन्हा खाली आणा, नाहीतर शांत खोलीत माणसं ओरडून बोलल्यासारखी वाटतात.