रजा किती दिवसांची टाकावी? : किनाऱ्यावरच्या सायकल प्रवासाचा हिशेब

मित्रहो, लांबच्या सायकल प्रवासाला निघणारी मंडळी भेटली की पहिला प्रश्न हमखास येतो : रजा किती दिवसांची टाकू? आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे, आणि उदाहरण म्हणून माझ्या पायाखालची वाट घेणार आहे. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचे आणि कोकणचा किनारा धरून पणजी गाठायची, ही ती वाट.

हे अंतर ढोबळमानाने साडेपाचशे किलोमीटर भरते. दर रविवारी शंभर किलोमीटर मारून येणारा गडी त्याला शंभराने भागतो आणि सहा दिवस पुष्कळ झाले असे ठरवतो. पहिल्या खेपेला आम्हीही हाच भागाकार करून निघालो होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेमतेम रत्नागिरीत पोचलो आणि तिथूनच सायकली गाडीवर टाकून घरी परतलो. पायांत ताकद होती, सायकली धडधाकट होत्या. चुकला होता तो हिशेब.

माझे सांगणे असे आहे की दिवस किलोमीटरवरून काढू नयेत, उजेडाच्या तासांवरून काढावेत. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सातच्या आसपास सूर्य उगवतो आणि सहाच्या सुमारास बुडतो. गावागावांमधला रस्ता अरुंद, दिव्यांविना आणि वळणावळणाचा असल्यामुळे अंधारात सायकल चालवायची नाही, हा माझा नियम आहे. म्हणजे हातात अकरा तासांचेच भांडवल उरते. त्यातून नाश्ता, जेवण, पाणी भरणे, पंक्चर, देवळापाशी थोडे टेकणे हे सारे वजा केले की प्रत्यक्ष चालवायला पाच-सहा तास मिळतात. सामान लादलेली सायकल या रस्त्यावर तासाला दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही. तेव्हा दिवसाला पंचावन्न-साठ किलोमीटर हा आकडा असा निघतो, आणि तो आळशीपणाचा नाही.

वेग इतका कमी का, हे समजून घेतले पाहिजे. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत नकाशा पाहून होते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी जांभ्याचे सडे, म्हणजे उंच कातळी पठारे, ठिकठिकाणी कापले आहेत, त्यामुळे रस्ता सड्यावरून खाडीच्या पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे गेला की पुन्हा सड्यावर चढतो, आणि दिवसातून तीन-चार वेळा हेच घडते. उतार पाच मिनिटांत संपतो, त्याच उंचीचा चढ मात्र अर्धा तास खातो. त्यात आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. पाण्यावरचा वेळ थोडाच असतो, वेळ जातो तो धक्क्यावर. दाभोळला आम्ही उतारावरून येत असतानाच बोटीचा फळका वर उचलला गेला. पुढची बोट येईपर्यंत भर दुपार झाली, आणि धोपाव्याला उतरल्याबरोबर समोरचा चढ आम्ही तापलेल्या डांबरावरून सायकली ढकलत चढलो. त्या दिवशीचा चुकलेला तास पुढे भरून निघाला नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करणारी मंडळी इथे हरकत घेतील. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पुरे करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या सायकलीवर आठवड्याचे सामान नसते, आणि ब्रेव्हे संपल्यावर ते झोपतात. आपल्याला दुसऱ्या दिवशी, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या दिवशी, पुन्हा सीटवर बसायचे असते. म्हणून निघण्याआधी लागोपाठ दोन दिवस पूर्ण सामानासह साठ-साठ किलोमीटर चालवून पाहा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐका. गटात जात असाल तर गटातल्या सर्वांत सावकाश जाणाऱ्याचे ऐका.

मुक्काम ठरले की दिवस आपोआप मोजले जातात. मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, आडिवरे, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि पणजी, असे माझे दहा दिवस. गणपतीपुळ्याची रात्र अंगारकीला किंवा सलग सुट्ट्यांना येऊ देऊ नका, खोली मिळणे कठीण जाते.

या दहांवर दोन दिवस मोकळे ठेवावेत, आणि ते आधीच कुठल्या गावाला बांधून टाकू नयेत. मागच्या खेपेला देवगडच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकाचा गिअरच्या बाजूचा स्पोक तुटला. तो बदलायला आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा जुडगा, काढावी लागते. तिचे हत्यार गावात नव्हते आणि दुकानातले स्पोक बोटभर लांब होते. दोन्ही वस्तू कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने येईपर्यंत दीड दिवस गेला. तो दिवस हिशेबात धरलेला होता, म्हणून आम्ही बंदरावर बसून जाळी सुकताना पाहू शकलो, आणि पुढचा प्रवास घाईत झाला नाही.

हिमालयात हिशेबाचा पाया बदलतो. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला आणि टांगलांग ला यांसारख्या खिंडी चार हजार आठशे मीटरच्या वर आहेत. तिथे पाय तयार असले तरी रक्ताला विरळ हवेची सवय व्हावी लागते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे डॉक्टर सांगतात. तिथले दिवस या नियमाने ठरतात.

आता परतीचे. मडगावहून कोकण रेल्वेने येताना सायकल पार्सल म्हणून नोंदवावी लागते, आणि ती आपल्याच गाडीत चढेल याची खात्री नसते. त्यामुळे परतीचे तिकीट पणजीला पोचण्याच्या दिवशीचे काढू नका, दुसऱ्या दिवशीचे काढा. दहा दिवस चालवण्याचे, दोन मोकळे, एक परतीचा : तेरा दिवसांची रजा टाका.