प्रेक्षकाचे म्हणणे

(परदेशातील मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

आपल्या मंडळाच्या चित्रपट गटाचे काम गेली सहा वर्षे मी पाहतो आहे. सभागृह ठरवणे, प्रदर्शनाची रीतसर परवानगी मिळवणे, सबटायटल्स शेवटच्या रांगेतून वाचता येतात की नाही हे आदल्या दिवशी तपासणे, अशी ही कामे आहेत. परंतु माझ्या दृष्टीने खरा कार्यक्रम सुरू होतो तो चित्रपट संपल्यावर, चहाचे कप हातात आल्यानंतर. त्या अर्ध्या तासात मी तीन वाक्ये सर्वांत जास्त वेळा ऐकली आहेत: छान होता, जरा संथ होता आणि शेवट पटला नाही. ही वाक्ये बोलणारी माणसे मनापासून बोलतात, पण ती तिथेच थांबतात. आपण काही समीक्षक नव्हे, मग जास्त बोलण्याचा आपल्याला काय अधिकार, अशी एक भीड त्यामागे असते. ही भीड चुकीची आहे, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, आपण चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ दाखवला होता. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात आणि पुढच्या वर्षी भारताच्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवला गेलेला हा चित्रपट. एका वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो, एवढेच त्याचे सूत्र. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर राहतो आणि काम संपले तरी दृश्य लगेच तुटत नाही. चहाच्या वेळी अपेक्षेप्रमाणे ‘संथ’ हा शब्द चहूकडून आला. तेव्हा निवृत्तीपर्यंत एका तालुक्याच्या न्यायालयात लघुलेखिका म्हणून नोकरी केलेल्या, सध्या मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू हळू आवाजात म्हणाल्या, “साक्षीदार काय बोलतो आणि न्यायाधीश टंकलेखकाला काय सांगतात, ते तुम्ही ऐकलंत का? कागदावर येतं ते साहेबांचं वाक्य. आम्ही वर्षानुवर्षं तेच टंकत होतो.”

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. माणसाचे अडखळते, अर्धेमुर्धे बोलणे आपल्या डोळ्यांदेखत नीटनेटक्या सरकारी वाक्यात बदलते आणि पुढे खटल्याला तेवढेच वाक्य माहीत असते, ही गोष्ट चित्रपटात वारंवार घडत होती आणि आम्हा चाळीसएक जणांपैकी फक्त एकीला ती दिसली होती. मी स्वतः त्या चित्रपटाविषयी पुष्कळ वाचून आलो होतो. स्थिर कॅमेरा, लांबलचक दृश्ये, यांवर बोलण्याची तयारीही करून आलो होतो. काकूंच्या त्या तीन वाक्यांपुढे माझी तयारी फिकी पडली आणि याचा मला आजही आनंद वाटतो. ज्यांना चित्रपट संथ वाटला होता, त्यांच्यापैकी तिघांनी घरी जाऊन तो पुन्हा पाहिला.

सामान्य प्रेक्षकाच्या मताला ही जागा आपल्या परंपरेत फार पूर्वीच दिलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे तो साधला की नाही याची, चर्चा आहे. प्रेक्षकांचे स्मित, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावर उभे राहिलेले रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र आणि बोटातली अंगठी काढून देणे, ही सगळी सिद्धीची लक्षणे म्हणून तिथे सांगितली आहेत. उत्तम प्रेक्षकाच्या गुणांची लांब यादी देऊन झाल्यावर हे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, हेही तो ग्रंथ मान्य करतो. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाला तर निवाड्यासाठी ज्यांना बोलवावे, त्यांत यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे दहा जण सांगितले आहेत. यज्ञाचे दृश्य यज्ञ जाणणाऱ्याने पारखावे, उभे राहण्यातला डौल धनुर्धराने, वेशभूषा चित्रकाराने, स्वर आणि ताल गायकाने. इथे नाटकाचा म्हणून वेगळा पंडित मध्यस्थ नेमलेला नाही. ज्याने जे आयुष्यभर केले, त्याने तेवढ्यावर बोलावे, अशी ही व्यवस्था आहे. त्या यादीत न्यायालयातली लघुलेखिका नाही, पण ती असती तर तिचे काम काय असते, हे आम्ही त्या संध्याकाळी पाहिले.

म्हणून मी आपणा सर्वांना विचारतो: आपण कोण आहात? परिचारिका असाल तर रुग्णालयाचे दृश्य आपल्याला इतरांपेक्षा वेगळे दिसते. शेतकऱ्याच्या घरातून आला असाल तर बैल हाकणाऱ्या नटाच्या हाताकडे आपले लक्ष आपोआप जाते. हा गुण परक्या मुलखात राहणाऱ्यांनाही आपसूक मिळतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला, तेव्हा मी अनेक घरांतून एकच मत ऐकले, की पहिला भाग रसरशीत आहे आणि नायक-नायिका गावातून पळून हैदराबादला गेल्यावर चित्रपट रेंगाळतो. पुढे आपण तो मंडळात दाखवला, त्या वेळी दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथे आलेली एक मुलगी म्हणाली, की तिच्यासाठी चित्रपट तिथेच सुरू होतो. गावात ज्या नायिकेच्या, आर्चीच्या, शब्दाला मान होता, ती हैदराबादेत कुणाशी बोलू शकत नाही आणि कारखान्यात काम करता करता एकेक शब्द करत तेलुगू शिकते. “शाळेतलं माझं पहिलं वर्ष असंच होतं,” असे ती मुलगी म्हणाली. तिचे आईवडील शेजारीच बसले होते. उत्तरार्ध लांबला आहे हे मत त्यानंतरही काही जणांनी कायम ठेवले, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या रेंगाळण्यात काय भरलेले आहे, हे त्यांना आता ठाऊक आहे.

मालिकांच्या बाबतीत तर आपली जबाबदारी आणखी मोठी आहे. चित्रपटाचे परीक्षण वर्तमानपत्रात येते. रोज रात्री येणाऱ्या मालिकेच्या भागावर कोण लिहिणार? एका मराठी वाहिनीवरील ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढा मजकूर सलग पाहिला तो फक्त घरातल्या प्रेक्षकांनी, त्यातही बहुतांशी बायकांनी. एखादे पात्र पूर्वी काय बोलले होते आणि आज ते त्याच्या उलट का वागते आहे, हे त्यांना लेखकांच्या बदलत्या फळीपेक्षा अधिक चांगले आठवते. त्यांच्या या स्मरणाला आपण ‘मालिकांचे वेड’ म्हणून बाजूला सारतो, याचे मला वाईट वाटते.

या प्रेक्षकांची दखल टीआरपीतून घेतली जाते, असे कुणी म्हणेल. भारतात हजारो निवडक घरांतल्या संचांना मापनयंत्र जोडलेले असते आणि घरातला माणूस रिमोटसारख्या यंत्रावरचे आपल्या नावाचे बटण दाबून आपण समोर बसल्याची नोंद करतो. त्यातून संच चालू होता आणि समोर कोण होते, एवढेच कळते. ती व्यक्ती हसली, चिडली की पोळ्या लाटत होती, हे कळत नाही. आपण तर त्या मोजणीतही नाही, कारण ती भारतातल्या घरांपुरती आहे. आपल्याला काय वाटले हे आपण स्वतः सांगितले नाही, तर ते सांगणारे दुसरे कुणीच नाही.

माझ्या आजोबांना ही गोष्ट फार आधी कळली होती. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि आमच्या घरी संच आला तो त्यानंतर दहा वर्षांनी. आठवड्याला एक भाग आणि अशा तेरा भागांची मालिका, हा त्या काळचा रिवाज होता. आवडलेल्या किंवा खटकलेल्या भागानंतर आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी वरळीच्या केंद्राला पंधरा पैशांचे पोस्टकार्ड लिहीत. कार्डावर जागा कमी, त्यामुळे कथानक सांगण्यात ती घालवणे त्यांना परवडत नसे. ते थेट लिहीत: कालच्या भागात सुनेने सासऱ्यांना दिलेले उत्तर योग्य होते, पण ते देताना ती पाठमोरी होती, तिचा चेहरा दिसायला हवा होता. टाकण्यापूर्वी ते कार्ड आजीला वाचून दाखवत, आणि आजीला पटले नाही तर त्याखाली तिचे मत तिच्या नावाने जोडत. उत्तर आल्याचे मला आठवत नाही, तरीही त्यांनी लिहिणे थांबवले नाही. त्या कार्डांची नक्कल कुणी ठेवली नाही, आणि त्या मालिकांपैकी कित्येक आज कुठेही पाहायला मिळत नाहीत. आमच्या दिवाणखान्यात त्या कशा पाहिल्या गेल्या, हे आता माझ्या आठवणीपुरतेच उरले आहे.

मतस्वातंत्र्याबरोबर एक पथ्यही येते. खलनायिकेचा राग ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीवर काढणे, तिच्या रूपावर आणि घरच्यांवर बोलणे, याला मत म्हणता येत नाही. फोनच्या पडद्यावर, लोकलच्या प्रवासात तुकड्यातुकड्याने पाहिलेल्या चित्रपटाच्या छायाचित्रणावर निकाल देणेही अन्यायाचे आहे. ‘कोर्ट’मध्ये चौकटीच्या कोपऱ्यात बसलेली माणसे तिथे दिसतच नाहीत. आणि ‘हे माझे मत आहे’ हे वाक्य संभाषण बंद करण्यासाठी वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मत आहे तर ते कोणत्या दृश्यावरून झाले, हे विचारण्याचा समोरच्याला हक्क आहे.

कार्यकारिणीच्या संमतीने आपण या वर्षीपासून एक वही ठेवतो आहोत. चित्रपट संपल्यावर चहाकडे जाण्यापूर्वी, म्हणजे दुसऱ्याचे ऐकून आपले बदलण्याआधी, ज्याला जे दिसले ते त्याने त्यात लिहावे. कथानक नको, गुण आणि तारे नकोत. मनात राहिलेले एक दृश्य, ते का राहिले याचे कारण आणि लिहिणाऱ्याने आयुष्यात काय काम केले त्याचा उल्लेख, एवढे पुरे. मुलांना मराठीत लिहिणे जड जात असेल तर त्यांनी सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, दुरुस्त करू नये. पहिले पान काकूंनी लिहिले आहे. दोन वर्षांपूर्वीचे ते दृश्य त्यांनी आठवून पुन्हा मांडले असून, साक्षीदाराचे बोलणे आणि टंकलेले वाक्य एकाखाली एक लिहिले आहे. वही आज मागच्या टेबलावर आहे आणि शेजारी दोन पेनेही ठेवली आहेत.